चौकातली मस्तुरा

सुभाष रोडवरच्या सलूनमध्ये सुंदररावांच्या अर्ध्या मिशीला कलप लागला होता आणि अर्धी अजून पांढरीच होती, तेव्हा संस्कृतीचा फोन आला. सलूनवाल्या म्हाळूनं ब्रश हवेतच धरला. लेकीचा फोन आला की सुंदरराव एरवी आधी आजूबाजूला बघून घ्यायचे, ऐकायला चार माणसं आहेत का म्हणून, आणि मग मोठ्यानं "बोला डॉक्टरसाहेब" म्हणायचे. आज तेवढं सुचलं नाही, कारण या वेळेला ती कधीच फोन करत नसे. या वेळेला ती तिकडं वॉर्डात असायची. तिकडं म्हणजे ज्या देशात ती डॉक्टरकी शिकत होती तिथं. त्या देशाचं नाव घरात कुणाला धड घेता येत नव्हतं, एकट्या तिलाच यायचं, म्हणून चार वर्षांत त्याचं नाव 'तिकडं' असंच पडून गेलं होतं. "बाबा, त्यायनी मला तुमचा फोटो दाखवला," ती म्हणाली. "कुणी?" "पोलिसांनी. ईदचा फ्लेक्स हाय ना आपला, मांजरसुंब्याचा, तो कागदावर काढून आणलाय. वर तुमी हात जोडून उभे. खाली आपा." सुंदररावांना आधी काही कळलंच नाही. कळलं ते एवढंच की आपला हात जोडलेला फोटो तिकडच्या पोलीस ठाण्यात टेबलावर पडला आहे, आणि ओठावरचा कलप एकदम गार लागला.

"आपाला नेलंय बाबा. एका रातीला आले अन् घेऊन गेले. कुठं ठेवलंय कुणी सांगंना. माझा पासपोर्ट त्यायच्याकडंच हाय. म्हणायलेत, ही बाई घरात लेकरं गोळा करून अतिरेकी तयार करती, तू तिच्या घरात राहतीस, तू बघितलंस, तू सांग. काय सांगू?" हे सगळं ती इतक्या हळू आणि सपाट आवाजात बोलत होती की कुणीतरी शेजारी बसून ऐकतंय असं वाटावं. सुंदरराव म्हणाले, "थांब. कुणाला काही बोलू नको. मी बघतो." सभापती असल्यापासून हे दोन शब्द त्यांच्या तोंडात बसलेले. रोहित्र जळालं, मी बघतो. बदली अडली, मी बघतो. माणूस तेवढ्यावर उठून जायचा आणि पुष्कळदा कामही व्हायचं. पण आज ते शब्द तोंडातून निघाले आणि आपण काय बघणार, कुठं बघणार, कुणाला धरून बघणार, याचा काही म्हणजे काही अंदाज त्यांना येईना. "तो फ्लेक्स आधी काढा," संस्कृती म्हणाली आणि फोन बंद झाला. म्हाळूनं विचारलं, "साहेब, दुसरी बाजू करू ना?" सुंदररावांनी नुसता हात हलवला, टॉवेलनं तोंड पुसलं आणि तसेच उठले. एक बाजू काळी, एक पांढरी. बाहेर रणरणतं ऊन होतं, समोरच्या दुकानदारानं नमस्कार घातला, त्यांनी तो घेतला की नाही त्यांना आठवत नाही.

सुंदरराव फ्लेक्सवर वाढलेले पुढारी. नांदूरघाटकडची चांगली काळी जमीन, बीडमध्ये बंगला, एकदा पंचायत समितीचं सभापतिपद, आणि नंतर त्या पदाच्या आठवणीवर काढलेली वर्षं. त्यांच्या घरात काही घडलं की ते आधी चौकात लागायचं आणि मग घरात कळायचं. संस्कृतीला तिकडं प्रवेश मिळाला तेव्हा केशरबाईंना ते रामहरीच्या फ्लेक्सवरूनच समजलं, अशी थट्टा नातेवाइकांत अजून चालते. रामहरी हा त्यांचा कार्यकर्ता. फ्लेक्सचं सगळं तोच बघायचा: फोटो कुठला, नावं कुणाची, कुणाचं डोकं कुणापेक्षा मोठं. यंदा ईदच्या आधी तोच म्हणाला होता, "साहेब, सगळेच चांदतारा टाकून ईद मुबारक म्हणत्यात. आपलं कायतरी येगळं पायजे." येगळं सुंदररावांच्या फोनमध्येच होतं. संस्कृतीनं एकदा सहज पाठवलेला फोटो. ती भाड्यानं राहत होती त्या घराची खोली, लाल गालिचा, गल्लीतली चार-पाच लेकरं मांडी घालून बसलेली, पुढ्यात पुस्तकं, आणि मधे मस्तुरा. डोक्याला फुलाफुलांचा रुमाल बांधलेली, गालांवर सुरकुत्या, कॅमेऱ्याकडं बघून हसताना एक सोन्याचा दात दिसणारी बाई. संस्कृती तिला आपा म्हणायची. दुसऱ्या वर्षी वसतिगृहात पोरगी तापानं फणफणली होती आणि या बाईनं तिला घरी आणून निजवलं, उशाशी बसून सूप पाजलं, तेव्हापासून ती तिथंच राहिली. केशरबाई आणि मस्तुरा दोघी फोनवर एकमेकींना बघून बोलायच्या. दोघींना एकमेकींचं अक्षर कळत नसे. केशरबाई पापड दाखवायच्या, ती भट्टीतून निघालेली रोटी दाखवायची, आणि दोघी पोटभर हसायच्या.

मोटार मांजरसुंब्याच्या घाटाला लागली तसा सुंदररावांना तो फ्लेक्सचा मजकूर शब्द न् शब्द आठवायला लागला, आणि आठवू नये म्हणून त्यांनी रेडिओ लावला तर तो खरखरला. मजकूर रामहरीनं लिहिला नव्हता. त्यांनी स्वतः लिहिला होता, ओसरीवर बसून, चवीनं. 'आमच्या लेकीला परदेशात आईची माया देणाऱ्या' इथपर्यंत रामहरीचं. पण सुंदररावांना ते रोडावल्यासारखं वाटलं. माणसाचे आभार मानायचे तर त्याचं मोठेपण सांगून मानावेत, अशी आपल्याकडची रीत. नुसतं आभार म्हटलं तर ते वाण्याच्या दुकानातल्या बिलासारखं. म्हणून त्यांनी पुढं जोडलं, 'आणि गल्लीतल्या लेकरांना आपल्या घरी विनामूल्य धर्माचे शिक्षण देणाऱ्या'. विनामूल्य हा शब्द तर त्यांना फारच आवडला होता. आणि खाली तिचं पूर्ण नाव, गाव, शहर. पूर्ण नावाशिवाय आभार म्हणजे कुणाचे तरी आभार. संस्कृतीनं मागे एकदा सांगितलं होतं, आपा म्हणते इथं असलं कुणाला सांगत नसतात. सुंदररावांनी ते ऐकलं होतं. ऐकून त्यांना ती बाई आणखीच मोठी वाटली. जो आपलं केलेलं सांगू नका म्हणतो त्याचंच नाव मोठ्या अक्षरांत छापावं, असा त्यांचा हिशेब. गावाकडे कितीतरी माणसं 'कशाला कशाला' म्हणतात आणि सत्काराला फेटा बांधून सर्वांच्या आधी हजर असतात. सांगू नका याचा अर्थ खरोखरच सांगू नका असा असू शकतो, हे त्यांच्या साठ वर्षांच्या आयुष्यात कधी अनुभवाला आलंच नव्हतं.

फ्लेक्स गाजला होता. तिकडं शिकणाऱ्या आपल्याच जिल्ह्यातल्या पोरांनी तो कौतुकानं एकमेकांना पाठवला, बघा आमच्याकडचा चौक, बघा संस्कृतीची आपा. तिथून तो कुणाकुणाकडं गेला असेल. आता फोन धरला की कुठलंही अक्षर कुठल्याही भाषेत वाचून दाखवतो म्हणतात. म्हणजे तिकडचा कुणी पोलीस खुर्चीत बसून आपला शब्द न् शब्द वाचत गेला असणार. आईची माया. विनामूल्य. धर्माचे शिक्षण. आपल्या घरी. घाटाच्या वळणावर सुंदररावांनी गाडी इतकी हळू केली की मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवत, शिव्या देत पुढं गेला. आपला चेहरा दूरवर पोचावा ही त्यांची जन्माची इच्छा. तो इतका दूर पोचला होता आणि एका बाईच्या दारात पोलीस घेऊन गेला होता.

छळ हा शब्द काही सुंदररावांना नवा नव्हता. परदेशात आपल्या धर्माच्या लोकांचा छळ होतो म्हणून त्यांनी बीडला मोर्चा काढला होता, हातात माईक घेऊन घसा बसेपर्यंत बोलले होते. केंद्र सरकारनं परराष्ट्र धोरण कडक करावं, दहशतवादाशी हातमिळवणी करणाऱ्यांशी संबंध तोडावेत, अशी मागणी त्यांनी कलेक्टर कचेरीत जाऊन केली होती आणि कलेक्टरांनीही, परराष्ट्र खातं आपल्याच अखत्यारीत असल्यासारखं, ती गंभीरपणे घेतली होती. तेव्हा टाळ्या पडल्या. तेव्हा छळ होणारी माणसं लांब होती आणि त्यांना चेहरे नव्हते. एकाच्याही घरात काय शिजतं हे सुंदररावांना माहीत नव्हतं. या बाईच्या घरातला लाल गालिचा त्यांना माहीत होता. तिच्या पुढच्या दातातलं सोनं माहीत होतं. आणि ती छळणारी मंडळी अशी होती की आपलीच पोरगी तिथं त्यांच्या ताब्यात होती.

मांजरसुंब्याला पोचले तेव्हा रामहरी शिडी लावून तयारच होता. चौकात ढाब्यांच्या भट्ट्या पेटलेल्या, एसट्या लागलेल्या, आणि वर तो फ्लेक्स, उन्हानं जरा विटलेला. सुंदररावांनी वर पाहिलं नाही. लाकडी चौकटीवरच्या तारा रामहरी पकडीनं तोडायला लागला तशी वरची बाजू सुटली आणि त्यांचा स्वतःचा जोडलेल्या हातांचा फोटो आधी खाली लोंबला. मस्तुराचा तेवढा राहिला. वाऱ्यानं ती हलत होती. शेजारी लतीफभाईंचं टायरचं दुकान. हात पुसत पुसत ते बाहेर आले. "साहेब, कावून काढायलेत? चांगला व्हता की." "आचारसंहिता लागायली," सुंदरराव म्हणाले. "अजून तर तारीख बी आली न्हाई." "मग काय झालं, आधीच काढून ठेवलेला बरा." लतीफभाईंनी मान डोलावली, पण ते पटलेले दिसेनात. मग म्हणाले, "आमची अम्मी रोज सकाळी दारात बसती अन् तिच्याकडं बघती. मला इचारती, ही बाई कोन? मी सांगितलं, साहेबांच्या पोरीला लेकीवानी ठिवलंय तिनं, लेकरांना नमाज शिकवती. तवापासून अम्मी दुवा करती तिच्यासाठी. तिला म्हणलं, परदेशात हाय ती, तर म्हणती दुवाला कुठं तिकीट लागतंय?" आणि ते हसले.

सुंदररावांना सांगून टाकावं असं वाटलं, लतीफभाई, त्या बाईला उचललंय, माझ्या या असल्या आभारांनी उचललंय, अम्मीला सांगा दुवा जरा जोरात करायला. तोंड उघडलंही. पण मग त्यांना दिसलं की ही गोष्ट इथं एकदा बाहेर पडली की शुक्रवारपर्यंत सगळ्या बीडमध्ये होईल, नमाज शिकवणाऱ्या बाईला सुंदररावांच्या फ्लेक्सनं तुरुंगात घातलं, आणि मग मतं? मतं, हा शब्द असा डोक्यात आला आणि त्यांना स्वतःची किळस आली. पोरगी तिकडं आणि आपण मतं मोजतोय. तरी तोंड मिटलंच. "टाकून देऊ नका साहेब," लतीफभाई म्हणाले, "मला द्या. टायरांवर झाकाया लई कामाचा हाय." एवढी साधी मागणी. दर फ्लेक्सच्या शेवटी कुणीतरी ती करतंच, कुणाच्या गोठ्यावर जातो, कुणी ऊसतोडीच्या कोपीच्या छपरावर घालतो. सुंदररावांनी तो रामहरीकडून ओढूनच घेतला. "न्हाई, न्हाई. घरी पायजे." घडी घालून मागच्या सीटवर टाकला. रामहरी त्यांच्या मिशीकडं बघत होता.

घाटाच्या अलीकडं एका बाभळीखाली गाडी लावून त्यांनी अंगदला फोन लावला. अंगद हा त्यांचा पुतण्या, दिल्लीत एका खासदाराच्या कार्यालयात. गल्लीतला कुठलाही प्रश्न अंगद दिल्लीत सोडवतो, अशी ख्याती. दुपारपर्यंत तोच तीनदा म्हणाला होता, विचारून सांगतो काका. गाडीच्या काचा बंद होत्या, ऐकू जाऊ नये म्हणून, आणि उन्हानं मागच्या फ्लेक्सचा प्लास्टिकचा वास सुटला होता. "काका, बोललो मी," अंगद म्हणाला. "वरच्या माणसाशी बोललो. दिदीचं होतंय. तिला सोडतील. आपल्या पोरीला हात लावणार न्हाईत ते." सुंदररावांनी डोळे मिटले. "देव भलं करो तुझं." "पण तिनं ते म्हणत्यात ते म्हणायला पायजे. बाई लेकरं गोळा करायची, शिकवायची, पैसं यायचे, बाहेरची माणसं यायची. तेवढं बोलली की झालं." "बाहेरची माणसं कुठं यायची रे? अन् पैसं घेत असती तर मी विनामूल्य कशाला छापलं असतं?" "काका, आलती का न्हाई त्याच्याशी कुणाला काय करायचंय?"

मग अंगद समजावून सांगायला लागला, जसं मोठ्या माणसाला समजावतात तसं, अदबीनं आणि जरा घाईनं. त्या देशाचा आपल्याला लई उपयोग आहे. दहशतवादाच्या बाबतीत तो आपल्यासोबत उभा आहे. नावं देतो, माणसं पकडून देतो, जे आपल्याला पाहिजेत ते. आणि त्यानं ज्याला अतिरेकी म्हटलं त्याला आपण अतिरेकीच म्हणायचं. असं कुठं लिहिलेलं नसतं, पण असतं. "त्यायच्याकडं परवानगीशिवाय घरात नमाज शिकवली की माणूस दहशतवादाच्याच कायद्यात बसतो. दाढी वाढवली तरी बसतो. आपण त्याला छळ म्हणलं की उद्या ते नावं देणं बंद करतील. तिकडं कोणी बोलत न्हाई काका. आपण बी न्हाई, दुसरे मोठे देश बी न्हाईत." "पर आपण मोर्चा काढला होता की," सुंदरराव म्हणाले. त्यांचं त्यांनाच ते लहान पोरासारखं वाटलं. "आपण म्हणलो होतो की, छळ झाला की बोलायचं." "बोलतोच की. जिथं बोलायला परवडतं तिथं बोलतो," अंगद म्हणाला. त्यात दुष्टपणा नव्हता. उसाला भाव किती, या सुरात तो बोलला. "आजच सांगा तिला. उद्या त्यायचा साहेब बदलला तर मग माझ्या हातात न्हाई. अन् काका, पोरगी जरा सरळ हाय. तिला तुमीच सांगा."

सांगायचं म्हणजे काय सांगायचं, ते सुंदरराव उतारावर घोकत आले. बाळा, असं बघ. बाळा, आपण परक्या मुलखात. बाळा, ती बाई सुटायची तर सुटंल, तुझ्या बोलण्यानं काय होणार. हे वाक्य त्यांना बरं वाटलं आणि मग लगेच वाटलं नाही. कारण तिच्या बोलण्यानंच सगळं होणार होतं, म्हणून तर ते तिला बोलायला सांगत होते. भीतीची एक गंमत असते, ती माणसाला एका जागी बसू देत नाही. आधी ती संस्कृतीसाठी होती. मग त्या पोलिसाची, ज्यानं आपला चेहरा पाहिलाय. मग फोनची, कुणी ऐकत असेल तर. उद्या आपलंही नाव तिकडं कुठल्या तरी यादीत चढेल, आणि मग ते लोक आपल्या लोकांना कळवतील, आणि आपले लोक, ज्यांच्यासाठी आपण घसा कोरडा केला, ते बीडला येऊन विचारतील, काय हो सुंदरराव, ही बाई कोण तुमची? आणि आपण काय म्हणणार? कोणी नाही. ते त्यांनी गाडीत मोठ्यानं म्हणून पाहिलं. कोणी नाही. आवाज बरोबर लागला. इतका बरोबर लागला की त्यांनी घाबरून रेडिओ पुन्हा लावला.

त्यांच्या भाषणात एक गोष्ट हमखास असायची. रझाकारीत त्यांचे आजोबा जीव घेऊन पळाले तेव्हा गावातल्या अमीनबी पिंजारणीनं त्यांना पिंजलेल्या कापसाच्या ढिगात लपवलं. रझाकार घर उचकून गेले, अमीनबी पिंजत बसली होती, हात थांबला नाही. ईदच्या कार्यक्रमात ही गोष्ट सांगितली की मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांचे डोळे ओले व्हायचे. संस्कृती लहान असताना एकदा समोर बसली होती. घरी येताना तिनं विचारलं, "मग पुलिस ॲक्शन झाल्यावर अमीनबीचं काय झालं?" तेव्हा फौज आली, रझाकार पळाले, आणि मग गावोगाव उलटं झालं, मुसलमानांची घरं लुटली गेली, हे सुंदररावांना माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं. पण ती गोष्ट घरात नेहमी कापसापाशीच थांबायची. आजोबा थांबवायचे, मग वडील थांबवायचे. "गेले ते लोक कुठंतरी," सुंदरराव म्हणाले होते. "कुठं?" "मला काय माहीत, मी तवा होतो का?" पोरगी त्यांच्याकडं बघत राहिली होती, आणि ते बघणं आज घाट उतरताना त्यांना नको नको झालं. लोक अमीनबीच्या दारात आले असतील तेव्हा आपल्या आजोबांनी काय केलं असेल? ते शेजारीच राहत होते. तोंड उघडलं असेल? उघडलं असतं तर ते भाषणात आलं असतं. आपल्या घरातली कुठलीही चांगली गोष्ट भाषणात यायची राहत नाही.

घरी केशरबाई ओसरीवर बसल्या होत्या. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं आणि त्यांना सगळं कळलं होतं. सुंदररावांनी अंगद काय म्हणाला ते सांगितलं. नीट सांगितलं, काही झाकलं नाही, कारण झाकायला ताकद लागते आणि ती आता उरली नव्हती. केशरबाईंनी पदर तोंडाला लावला. मग म्हणाल्या, "माझी लेक आणा." "आणायचीच हाय. म्हणून तर म्हणतोय, तू बोल तिच्याशी. आईचं ऐकंल ती." "मी न्हाई बोलणार." "अगं..." "मी त्या बाईला तोंड दाखवलंय. पापड दाखवलेत. तिनं माझ्या लेकीच्या कपाळावर पट्ट्या ठिवल्यात, मी बघितलंय या डोळ्यांनी, फोनात. ती बाई तशी हाय असं माझ्या तोंडातून निघायचं न्हाई." "मग पोरगी तिकडंच राहू द्यायची का?" सुंदरराव ओरडले. केशरबाईंनी त्यांच्याकडं वर पाहिलं. "न्हाई. तुमी सांगा," त्या म्हणाल्या. "तुमाला बोलता येतं." आणि उठून आत गेल्या. देवघरात समईसाठी काडी ओढल्याचा आवाज आला. सुंदररावांना त्यांचा संताप आला. स्वतः स्वच्छ राहायचं आणि लेकही परत पाहिजे. आणि मग त्या संतापाच्या तळाशी त्यांना दिसलं की ते स्वतःही तेच शोधत होते. अंगद सांगंल, नाहीतर केशर सांगंल, नाहीतर पोरगी आपण होऊन करंल. फक्त आपण म्हटलं असं नको.

दिवेलागण झाली होती. रस्त्यावरून पोरं क्रिकेट संपवून ओरडत चालली होती. सुंदररावांनी खुर्ची भिंतीशी ओढली आणि फोन लावला. तिनं लगेच उचलला, हातातच धरून बसल्यासारखा. "बाळा, आपल्या बोलीतच बोल. तिकडच्याला कळायचं न्हाई." "व्हय." "जेवलीस का?" "व्हय." खोटं होतं ते दोघांनाही कळलं. "फ्लेक्स काढला. मी सोता जाऊन काढला." "बरं झालं." तिच्याकडं कुठंतरी नळ गळत होता, तो ऐकू येत होता. "अंगदशी बोललो. वर बोलणं झालंय. तुला सोडतील." "काय करावं लागंल?" तिनं विचारलं. पोरगी सरळ होती, अंगद म्हणाला ते खरं होतं. सुंदररावांना घोकलेलं एकही वाक्य आठवेना. बाळा, असं बघ, हे सुद्धा नाही. "ते म्हणत्यात तसं म्हणून टाक," ते म्हणाले. "बाई शिकवायची, माणसं यायची, म्हणत्यात तसं. म्हणून टाक अन् घरी ये."

पलीकडं काहीच नाही. त्यांना वाटलं फोन तुटला. "बाळा?" "हाय." "म्हणशील ना?" "बाबा, मी परवाच म्हणलंय." सुंदररावांना शब्द ऐकू आले आणि कळले नाहीत. "परवा? अगं, मग सकाळी का विचारलंस मला, काय सांगू म्हणून?" "तुमी काय म्हणता ते बघायचं होतं." आता तिचा आवाज सपाट नव्हता. "परवा त्यायनी कागद पुढं ठेवला अन् आपाला माझ्यासमोर आणलं. मी म्हणलं सगळं. तिच्याकडं न बघता म्हणलं. तिला माझी भाषा येत न्हाई पण त्यांची येती ना, तिनं ऐकलं सगळं. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवायला गेली तर पोलिसानं धरला. पासपोर्ट उद्या देणार हायत. तिकीट बी तेच काढून द्यायलेत." सुंदररावांना पहिल्यांदा जे वाटलं ते हेच की पोरगी सुटली, सुटली, सुटली. तेवढं वाटणं त्यांनी मनात दाबलं नाही, दाबता आलं नाही. मग बाकीचं वर आलं.

"दोन दिवस मला वाटायलं होतं, तुमी न्हाई म्हणणार," ती म्हणाली. "तुमी म्हणणार, असं कसं म्हणायचं बाई, त्या बाईनं तुला जगवलं. तुमी लई मोठ्यानं बोलता ना तसलं. मग मी घरी कशी आले असते? तुमच्यासमोर बसून जेवले असते का? लई भीती वाटायली होती बाबा, यायची." ती थांबली. नळ गळतच होता. "आता न्हाई वाटत. आता मी येती."

फोन बंद झाला तरी त्यांनी तो कानालाच धरून ठेवला. आतून केशरबाई आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या. "काय म्हणली?" त्यांनी विचारलं. "येती म्हणली," सुंदरराव म्हणाले. "घरी यायला भीत न्हाई म्हणली." केशरबाईंनी तिथूनच देवाला हात जोडले आणि रडायला लागल्या. सुंदररावांना उठून त्यांच्या खांद्यावर हात ठेवावा असं वाटलं, पण आपली पोरगी आता या घरात येणार, रोज समोर बसून जेवणार आणि आपल्याला कधीच काही विचारणार नाही, याचं त्यांना इतकं भ्याव वाटलं की त्यांच्यानं खुर्चीचा हात सोडवेना.